भार पडला की अडखळणारे इंजिन

पेट्रोलवर चालणारा जुना पिकअप ट्रक जागेवर उभा असताना सुरळीत चालतो, मात्र चढ लागला किंवा मागे माल भरला की झटके मारू लागतो, ही तक्रार फार जुनी आहे. तिच्यावर बहुधा असा तर्क लढवला जातो की, आयडलिंगवर इंजिन एकसारखे फिरते आहे, म्हणजे ठिणगीची बाजू ठीक आहे, तेव्हा दोष इंधनाचाच असणार. मग फ्युएल फिल्टर बदलला जातो, पंप बदलला जातो, इंजेक्टर साफ करून घेतले जातात, आणि पहिल्याच चढावर इंजिन पुन्हा तसेच मिसिंग करू लागते. हा तर्क मुळातच चुकीचा आहे. आयडलिंगवर पडणारी ठिणगी भाराखालीही पडेलच याची कोणतीही हमी नसते, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र समजून घेतले तर निम्मे निदान तिथेच होते.

ठिणगी निर्माण करण्याची मूळ रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस विकसित केली, आणि आजच्या इग्निशन कॉइलमध्येही तत्त्व तेच आहे. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह तीन-चार सहस्रांश सेकंद वाहू दिला की तो सहा-सात अँपियरपर्यंत चढतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. मग हा प्रवाह एकाएकी तोडला जातो. कोसळणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे पहिल्या वेटोळ्यातच तीन-चारशे व्होल्ट उसळतात, आणि दुसऱ्या वेटोळ्यात तारेचे फेरे सुमारे शंभरपट असल्यामुळे तिथे तीस हजार व्होल्टपर्यंत मजल जाऊ शकते. ‘जाऊ शकते’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. कॉइल दर वेळी तीस हजार व्होल्ट देत नाही. व्होल्टेज शून्यापासून चढत जाते आणि ज्या क्षणी स्पार्क प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोडमध्ये असलेल्या फटीतला वायू विद्युतवाहक बनतो त्या क्षणी चढणे थांबते. फट आठ हजारांवर फुटली तर व्होल्टेज आठ हजारांपर्यंतच जाते; कॉइलची उरलेली क्षमता वापरलीच जात नाही.

फट किती व्होल्टवर फुटेल हे ठरते फटीचे अंतर आणि वायूची घनता यांच्या गुणाकारावर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी हा नियम १८८९ मध्ये मांडला. आयडलिंगवर थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप जवळजवळ बंद असते, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील दाब वातावरणाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो. सिलिंडरमध्ये मुळात थोडाच वायू येतो, आणि पिस्टनने दाबल्यानंतरही तो तुलनेने विरळच राहतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते, सिलिंडर जवळजवळ पूर्ण भरतो, आणि ठिणगीच्या क्षणी फटीतला वायू दुप्पट-तिप्पट दाट झालेला असतो. व्होल्टेजची गरज त्याच प्रमाणात वाढते. त्यात प्लग जुना असेल, तर झिजेमुळे एक मिलिमीटरची फट दीड मिलिमीटर झालेली असते आणि इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोलसर झालेल्या असतात. विद्युतक्षेत्र धारदार कडेवर एकवटते, त्यामुळे कडा बोथट झाल्या की गरज आणखी वाढते.

आता समजा, प्लगच्या वायरीवरील आवरणाला तडा गेला आहे आणि त्या तड्यातून इंजिनच्या धातूवर उडी मारायला विजेला पंधरा हजार व्होल्ट लागतात. आयडलिंगवर प्लग आठ हजारांवर फुटतो. तड्याची पाळी येतच नाही. चढावर प्लगला वीस हजार हवे असतात, पण चढत जाणारे व्होल्टेज पंधरा हजारांवर पोहोचताच तडा वाट करून देतो. ठिणगी पडते, पण सिलिंडरच्या बाहेर. आतले मिश्रण न जळता एग्झॉस्टमधून निघून जाते आणि ट्रकला झटका बसतो.

हा दोष डोळ्यांनी पाहता येतो. अंधारात, इंजिन चालू ठेवून, पंखा आणि बेल्ट यांपासून हात दूर राखून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, की तडा गेलेल्या जागी निळसर ठिणग्या टिकटिक करत उडताना दिसतात. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकाच कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, असलेल्या इंजिनमध्ये त्याची कॅप उघडून आतली बाजू उजेडात धरावी. दोन टोकांच्या दरम्यान शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली, तर विजेने तिथे कार्बनचा मार्ग तयार केला आहे असे समजावे. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही अशीच उभी रेघ सापडते.

याच्या नेमके उलट वागणारा दोष म्हणजे व्हॅक्यूमची फाटलेली नळी. आयडलिंगवर इंजिन फार कमी हवा घेते, त्यामुळे नळीतून चोरट्या वाटेने आलेली थोडी हवाही १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे वजनाचे प्रमाण बिघडवते. थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधील निर्वात नाहीसा होतो, गळती जवळजवळ थांबते आणि इंजिन सुधारते. पाय दाबताच क्षणभर प्रतिसाद न देणे, म्हणजे गाडीने पिकअप न घेणे, हे आणखी वेगळे लक्षण आहे. मॅनिफोल्डमधील दाब अचानक वाढला की पेट्रोलचा काही अंश भिंतींवर थर बनून राहतो आणि मिश्रण थोडा वेळ विरळ होते. ती तूट कार्ब्युरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप भरून काढतो, तर इंजेक्शनमध्ये थ्रॉटलच्या सेन्सरच्या संकेतावरून संगणक. त्या सेन्सरचा पट्टा एखाद्या जागी झिजला, तर नेमक्या त्याच जागी गाडी अडखळते.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांमध्ये मिसफायरचा, म्हणजे सिलिंडर न पेटल्याचा, कोड गाडीच्या संगणकातून वाचता येतो. पी-०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर, एवढे खरे. पण हा कोड म्हणजे ‘तिसरा प्लग बदला’ असा आदेश नव्हे. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर आठ सिलिंडरच्या इंजिनात दर पाच सहस्रांश सेकंदाला एक सिलिंडर पेटतो आणि क्रँकशाफ्टचा वेग किंचित वाढतो. एखादी वाढ चुकली की संगणक तिची नोंद घेतो. ती का चुकली, हे त्याला कळत नाही. फार खडबडीत रस्त्यावर तर चाकांकडून आलेल्या हादऱ्यांनीही तो फसू शकतो.

पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबके या दुखण्यावर उपाय म्हणून विकली जातात. पेट्रोलचे रेणू चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत, आणि दाद दिली असती तरी तडकलेली वायर त्याने सांधली नसती. तो पैसा सरळ चांगल्या वायरींवर खर्च करावा.

कोड तिसऱ्या सिलिंडरचा असेल, तर तिसरा आणि पाचवा प्लग आपसांत बदलून पाहावेत. दोष पाचव्याकडे सरकला तर प्लग दोषी. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर कॉइलचीही अशीच अदलाबदल करावी. दोष जागचा हललाच नाही, तर इंजेक्टरबरोबरच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये निर्माण करतो तो दाब, तपासावे लागते. ते एकाच सिलिंडरमध्ये कमी भरले, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. जेमतेम हलला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि मग इंजिनचे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवावे लागते.