पहाटेचं स्वप्न खरं होतं?

‘पहाटे पडलेलं स्वप्न खरं होतं’ हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं, आता तेच फॉरवर्ड होऊन येतं. असं वाटण्यामागे कारण आहे, पण ते भविष्याशी नाही, झोपेशी जोडलेलं आहे.

झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. ठसठशीत, चित्रविचित्र स्वप्नं जास्त करून याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला तो जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे मात्र बराच लांबतो. शिवाय जाग येते ती पहाटेच, अनेकदा स्वप्न चालू असतानाच. मध्यरात्रीची स्वप्नं झोपेतच विरून जातात, कारण त्या वेळी मेंदू नव्या आठवणी नीट साठवत नाही. ‘मला स्वप्नं पडतच नाहीत’ म्हणणाऱ्यालाही त्या टप्प्यात उठवलं, तर तो बहुतेक वेळा काहीतरी सांगतोच.

म्हणजे आठवतात ती पहाटेचीच. त्यातलं एखादं जुळलं की घरभर सांगितलं जातं. न जुळलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो? (दात पडल्याची स्वप्नं खरी झाली असती, तर दंतवैद्यांना उसंत मिळाली नसती.)

पडताळायचं असेल तर उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर हलू नका, मोबाइलही घेऊ नका. आधी आठवा, मग तारीख घालून लिहा. नंतर खाडाखोड नको. तीन महिन्यांनी किती जुळली आणि किती नाही, दोन्ही मोजा.