आरोपीचे हक्क व बचाव (भारत)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला अटकेपासून अंतिम निकालापर्यंत मिळणारे संरक्षण आणि आरोपाला उत्तर देण्याचे कायदेशीर मार्ग. याचा पाया संविधानाच्या अनुच्छेद २०, २१ व २२ मध्ये आहे. कार्यपद्धती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ठरते. तिने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. कलमांचे आकडे बदलले, हक्कांचा गाभा बहुतांशी तोच राहिला. बचाव खटल्यातील उलटतपासापासून सुरू होतो हा समज मात्र घातक आहे, कारण पहिल्या चोवीस तासांतच पुष्कळ काही ठरून जाते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अर्नेश कुमार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले. अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी नव्या संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही. ती टाळणारा स्वतःच अटकेला कारण पुरवतो. अटकेची भीती असल्यास सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे अटकपूर्व जामीन मागता येतो.

अटक झाल्यास कारणे सांगणे आणि नातेवाईक वा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यापासून (१९९६) अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले : कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, तीही रिमांडसाठी (कोठडीच्या आदेशासाठी) न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. वकिलाला रिमांडला विरोध करायचा तर हातात काहीतरी असावे लागते, म्हणून हे दोन तास मोलाचे. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. तिथे ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले जाते. मुंबईच्या कोठडीत महिलांना होणाऱ्या मारहाणीविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये जो निकाल आला, त्याने हा प्रश्न विचारणे बंधनकारक केले. वैद्यकीय तपासणीचा हक्क सांगणेही त्यातच आले. मारहाण झाली असेल तर ती इथेच सांगावी. मागाहून केलेल्या तक्रारीवर ‘तेव्हा का नाही बोललात?’ हा सवाल हमखास येतो.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणात बसत नाहीत (काठी कालू ओघड, १९६१). नार्को चाचणी (औषध देऊन बोलते करणे) संमतीशिवाय करता येत नाही (सेल्वी, २०१०). पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, मात्र त्यातून एखादी वस्तू सापडल्यास तेवढा भाग ग्राह्य ठरतो. महाराष्ट्रात एक गंभीर अपवाद आहे. १९९९ च्या मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी) कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ठरावीक अटींवर ग्राह्य धरला जातो.

चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नव्हे तरी, वकिलाला भेटता येते. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. अजमल कसाब खटल्याच्या निकालात (२०१२) हा हक्क पहिल्याच हजेरीला आरोपीला सांगणे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरवले गेले.

सर्वांत सहज निसटणारा हक्क म्हणजे तपासाची मुदत संपल्यावरचा जामीन, बोलीत ‘डिफॉल्ट बेल’. पहिल्या रिमांडच्या दिवसासह साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन द्यावाच लागतो. यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) व मोक्कासारख्या कायद्यांत मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. हा जामीन आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यानंतर आणि दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. उदय आचार्य विरुद्ध महाराष्ट्र (२००१) या निकालानुसार वेळेत अर्ज केला आणि जामीन भरायची तयारी असली, की नंतर आलेल्या दोषारोपपत्राने हक्क बुडत नाही. म्हणूनच दिवस मोजणे हे घरच्यांचेही काम आहे.

पुरावाच पुरेसा नसेल तर आरोपमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटकेचा, अर्ज करता येतो, किंवा उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागता येतो. खटल्यात आरोपी घटनास्थळी नव्हता हे दाखवणे, स्वसंरक्षण, मनोविकलता असे बचाव आहेत. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, पण फिर्यादी पक्षाइतका कडक नाही. गुन्हा वाजवी शंकेपलीकडे शाबित करण्याची जबाबदारी सरकार पक्षाचीच. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावरच्या खटल्यांसाठी पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या घातल्या. त्यांना न्यायालयाने ‘पंचशील’ म्हटले, आणि त्या आजही देशभर वापरल्या जातात.

दोषी ठरल्यावर अपील आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र (१९७८) या खटल्यात कैद्याचे अपील चार वर्षांहून अधिक उशिरा आले होते, आणि निकालाची प्रत हाती नव्हती असे त्याचे म्हणणे होते. तेव्हापासून तुरुंगातल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व वेळेत देणे, आणि ऐपत नसल्यास अपिलासाठी वकील पुरवणे हे राज्याचे कर्तव्य मानले जाते.