जॅनिस मार्टिन

जॅनिस मार्टिन (२७ मार्च १९४० – ३ सप्टेंबर २००७) ही अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलमधली, खरं तर रॉकाबिलीमधली, म्हणजे कंट्री आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिसळीतून आलेल्या रॉक अँड रोलमधली गायिका. ओळख काय, तर 'फीमेल एल्विस', म्हणजे बायकांमधली एल्विस प्रेस्ली. हे लेबल आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं चिकटवलं आणि गाणी लोक विसरले तरी ते काही सुटलं नाही. आरसीएसाठी तिचं रेकॉर्डिंग चाललं जेमतेम दोन वर्षं, म्हणजे अठरा वर्षांची होईस्तोवर सगळं आटोपलेलं.

जन्म व्हर्जिनियातल्या सदरलिनचा. गिटार लहानपणीच हातात आली, आधी डॅनव्हिलच्या रेडिओवर आणि मग रिचमंडच्या डब्ल्यूआरव्हीए स्टेशनच्या 'ओल्ड डोमिनियन बार्न डान्स'मध्ये ती गायला लागली. कार्यक्रम सगळा कंट्री म्युझिकचा, पण पोरीला त्याचा कंटाळा आलेला, तिला आवडायच्या रूथ ब्राउन आणि लॅव्हर्न बेकर या रिदम अँड ब्लूज गाणाऱ्या कृष्णवर्णीय बायका. आवाजातला जोर तिथनंच आलाय, एल्विसची नक्कल वगैरे म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्यायच.

स्टेशनवरच्या लोकांनी लिहिलेलं 'विल यू विल्यम' हे गाणं डेमो म्हणून तिच्याकडून गाऊन घेतलं गेलं, ते आरसीएकडे पोचलं, आणि कंपनीनं गाण्यासोबत गाणारीलाही उचललं. एल्विस नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीएत आला होता, त्यानंतर काही महिन्यांतच ही, वय १५. मार्च १९५६ मध्ये रेकॉर्डिंग झालं. रेकॉर्डच्या साडेसात लाख प्रती खपल्या असं सांगतात.

आज मात्र ऐकलं जातं ते त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं 'ड्रगस्टोअर रॉक अँड रोल', जे तिनं स्वतः लिहिलंय. त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातच सोडा-आइस्क्रीमचं काउंटर असायचं, जोडीला ज्यूकबॉक्स, आणि शाळा सुटली की आपल्याकडे इराण्याकडे जमायची तशी पोरं तिथं जमायची. गाण्यात दुसरं काही नाहीच, तेवढंच आहे, पण लिहिणारी त्याच वयाची असल्यानं ते खोटं वाटत नाही, मोठ्या माणसांनी टीनेजर्ससाठी पाडलेल्या गाण्यांत हे सापडत नाही.

'फीमेल एल्विस' म्हणून जाहिरात करायला एल्विसच्या बाजूनंही परवानगी होती. कंपनीनं लगेच तिच्याकडून 'माय बॉय एल्विस' गाऊन घेतलं, जे ऐकताना थोडं अवघडायला होतं. 'उबी डूबी', 'बँग बँग' ही तिच्या आरसीएच्या गाण्यांतली बरी.

कंपनीला विकायची होती पोनीटेलवाली शाळकरी पोरगी, आणि इथंच घोळ होता, कारण १९५६ च्या सुरुवातीलाच तिनं गुपचूप लग्न केलं होतं. नवरा सैन्यात पॅराट्रूपर, पोस्टिंग जर्मनीत. गंमत म्हणजे त्याच वर्षी तिनं 'लेट्स इलोप बेबी' रेकॉर्ड केलं, पळून जाऊन लग्न करू म्हणणारं गाणं, आणि कंपनीला पत्ताच नाही! १९५७ मध्ये कंट्री गायक जिम रीव्ह्जसोबत युरोपातल्या अमेरिकन लष्करी तळांवर दौरा निघाला, तिथं नवरा भेटला, ती गरोदर राहिली, मग लपवणार काय? १९५८ मध्ये मुलगा झाला आणि आरसीएनं तिला सोडलं. पुरुष गायकांना लग्न आणि पोरं कधी आड आली नाहीत हे वेगळं सांगायला नको.

१९६० मध्ये पॅलेट या बेल्जियन कंपनीसाठी चार गाणी केली. तोवर दुसरं लग्न झालं होतं, आणि या नवऱ्याला तिचं गाणंच नको होतं, त्यामुळे तेही थांबलं.

पुढं रॉकाबिलीची लाट परत आली ती युरोपात. जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीनं तिची जुनी रेकॉर्डिंग्ज पुन्हा काढली आणि ती तिकडच्या फेस्टिव्हलांत गायला लागली. १९९५ मध्ये रोझी फ्लोरेस या अमेरिकन गायिकेच्या 'रॉकाबिली फिली' अल्बमवर तिचा आवाज आहे. रोझीनंच २००७ मध्ये तिला टेक्ससमधल्या ब्लँको गावी नेऊन नवा अल्बम रेकॉर्ड करून घेतला. काही महिन्यांतच जॅनिस कॅन्सरनं गेली. 'द ब्लँको सेशन्स' बाहेर यायला २०१२ उजाडलं, त्याचे पैसे चाहत्यांकडून किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर जमवले होते.