पिवळा दिसला म्हणून पिवळा धोबी?

धोबी म्हणजे सतत शेपटी हलवणारा, पाण्याकाठचा छोटा पक्षी. माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या जुन्या वहीत सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यावर लागोपाठ दोन वर्षं 'पिवळा धोबी' अशी नोंद आहे. पोट लिंबासारखं पिवळं, शेपटीची सारखी वर-खाली चाललेली आपटाआपटी. दुसरं काय लिहिणार? पुढे कधीतरी फोटो मोठा करून बघितला, तर पाय फिकट गुलाबी. म्हणजे तो करडा धोबी होता.

घोळ नावाचाच आहे. करड्या धोब्याची नुसती पाठ करडी. पोट पिवळं, आणि शेपटीच्या बुडाशी तर अगदी हळदीसारखं. उलट पिवळा धोबी ऐन हिवाळ्यात इतका मळकट असतो की त्याला पिवळं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यामुळे या दोघांत पिवळा रंग ही सगळ्यात कुचकामी खूण.

आधी पाय बघा. या दोघांत गुलाबट पायांचा एकटा करडाच. पिवळ्याचे पाय काळे. (चिखलात उतरलेल्या पक्ष्याच्या पायांवर मात्र विश्वास ठेवू नका.) मग पाठ: करड्याची राखाडी, पिवळ्याची शेवाळी हिरवट. करडा उडाला की पाठीच्या टोकाला, शेपटीच्या वर, पिवळसर ठिपका चमकतो आणि पंखात पांढरी पट्टी दिसते. पिवळ्याचा तो भाग पाठीसारखाच शेवाळी. आणि करड्याची शेपटी! अंगाच्या मानाने इतकी लांब की ती सांभाळायलाच तो सारखा हलतोय असं वाटतं.

पक्षी कुठे आहे, यावरूनही निम्मं काम होतं. पुण्याजवळ कवडीपाटला दोघं एकाच सकाळी दिसू शकतात. बंधाऱ्यावरून पाणी खळाळतं तिथे दगडावर एकटा-दुकटा, शेजारी आलेल्या दुसऱ्याला हुसकावणारा असेल तो बहुधा करडा. बाजूच्या ओल्या गवतात, चरणाऱ्या म्हशींच्या पायांत घुसून किडे टिपणारी टोळी पिवळ्यांची. संध्याकाळी हीच मंडळी थव्याने उसात किंवा पाणकणसात मुक्कामाला उतरतात. आवाजही वेगळा: करड्याचा धातूवर टिचकी मारल्यासारखा 'चिट्‌-चिट्‌', पिवळ्याचा लांबवलेला 'स्सीप'.

फसगत सगळ्यात जास्त होते ती मार्च-एप्रिलात, कारण परतीच्या प्रवासाआधी दोघंही नवी पिसं चढवतात आणि दोघंही झगझगीत पिवळे होतात. पण गंमतही याच दिवसांत. करड्या नराचा गळा काळा पडू लागतो. आधी चार-दोन ठिपके, मग सलग. पिवळ्या नराचा गळा कधीच असा काळा होत नाही. त्याचं डोकं बदलतं. कुणाचं निळसर राखी, वर ठळक पांढरी भुवई. कुणाचं गडद राखी, बिनभुवईचं. कुणाचं चक्क काळंभोर. या वेगवेगळ्या उपजाती, युरोपपासून सायबेरियापर्यंतच्या निरनिराळ्या मुलखांत वीण करणाऱ्या. हिवाळ्यात मात्र एकाच शेतात चरतात. डोकं पूर्ण बदललेलं नसेल तर उपजातीचं नाव लिहायची घाई करू नये. मी तरी नुसतं 'पिवळा' लिहून मोकळा होतो.

यात तिसरा एक उपटतो. अख्खं डोकंच पिवळं, पाठ राखाडी, पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या, पाय काळे: तो पिवळ्या डोक्याचा धोबी. करडी पाठ बघून त्याला करडा म्हणणारेही भेटतात.

करड्यांपैकी काही जण जवळच, म्हणजे हिमालयातल्या ओढ्यांवर घरटी करतात. पावसाळा सरता सरता सह्याद्रीत पहिल्यांदा हजर होणाऱ्या पाहुण्यांत हे असतात. एप्रिल संपता संपता दोघांचेही दगड आणि शेतं रिकामी होतात. मे महिन्यात बंधाऱ्यावर कुणी शेपटी आपटताना दिसला, तर तो काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा थोरला धोबी. तो इथलाच.