हेलियम विजयदुर्गावर सापडला का? थोडं हो, बरंचसं नाही

१८ ऑगस्ट जवळ आला की फॉरवर्ड सुरू होतात, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने १८६८ च्या खग्रास ग्रहणात तिथून दुर्बीण लावली आणि नवीन मूलद्रव्य सापडलं, वगैरे. किल्ल्यावर दुर्बिणीसाठी बांधलेले म्हणून ‘साहेबाचे ओटे’ पण दाखवतात, त्या दिवशी हेलियम डे साजरा होतो. ऐकायला भारी वाटतं, पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्येच होता.

आता नीट सांगतो. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून बिजापूरच्या बाजूने थेट मछलीपट्टणला बाहेर पडत होता, म्हणजे विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता हे खरं. पण ऑगस्टमधलं कोकण! एवढी लाखमोलाची यंत्रं घेऊन भर पावसात कोण तिथे बसणार? मुख्य मंडळी पूर्वेकडे गेली, फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. जमखंडीला जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू) होता, त्याला ढगांनी बराच त्रास दिला.

सगळ्यांकडे त्या वेळचं नवीन हत्यार होतं, स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारं यंत्र. किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की स्वतःच्याच ठरलेल्या रंगांच्या रेषा देतं, सोडियम म्हटलं की पिवळ्या दोन रेषा, एकदम चिकटून. मग ग्रहणात सूर्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात त्या कशाच्या बनल्यात हे विचारायची सोय झाली. जान्सेनने गुंटूरला बघितलं, ठळक रेषा, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आणि त्यात मुख्य हायड्रोजन.

पण त्याचं खरं डोकं पुढे चाललं. रेषा इतक्या झगझगीत होत्या की त्याला वाटलं, ह्या तर ग्रहण नसतानाही दिसायला पाहिजेत. आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने त्या बघितल्या! हे कसं जमतं तर, आपल्याला ज्वाळा एरवी दिसत नाहीत कारण सूर्याजवळच्या आकाशाचा उजेड त्यांना झाकून टाकतो. हा आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो, स्पेक्ट्रोस्कोपमधून गेला की लांबच लांब पट्ट्यात पसरतो आणि फिका पडतो, चमचाभर तूप अख्ख्या भाकरीवर फासलं तर कुठेच दिसत नाही तसं. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्या दोन-चार रंगांतच असतो, तो पसरत नाही, जागच्या जागी रेषा म्हणून उठून दिसतो. तोपर्यंत ज्वाळा बघायच्या तर काही मिनिटांच्या ग्रहणासाठी अर्धं जग ओलांडून जायचं, आता रोज सकाळी चहा घेऊन बघा. माझ्या मते १८६८ चा मोठा शोध हा आहे, हेलियम नंतर.

लॉकियर तेव्हा वॉर ऑफिसमध्ये (ब्रिटिश युद्धखात्यात) कारकून, खगोलशास्त्र हौसेचं. हीच युक्ती त्यालाही सुचली होती, फक्त त्याचा चांगला स्पेक्ट्रोस्कोप बनायला खूप उशीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये हातात आला. २० ऑक्टोबरला त्याने ज्वाळांच्या रेषा पकडल्या, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून. जान्सेनचं भारतातून निघालेलं पत्र आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. भांडण व्हायला पाहिजे होतं पण झालं नाही, फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

मग हेलियम कुठे? त्या रेषांत एक पिवळी रेष होती, सोडियमच्या जोडीच्या अगदी शेजारी. ग्रहणात ती बऱ्याच जणांना दिसली होती, पण घाईगडबडीत मोजणार किती? लॉकियरला आता घाई नव्हती, रोज बघता येत होतं. त्याने जागा नीट मोजली, सोडियमशी जुळेना. फ्रँकलंड नावाच्या केमिस्टबरोबर लॅबमध्ये हायड्रोजनवर बरेच प्रयोग केले, तरी ती रेष काही निघेना. शेवटी लॉकियर म्हणाला हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य आहे, तेच हे हेलियम. लोकांनी फार मनावर घेतलं नाही, मूलद्रव्यांचा तक्ता मांडणारा मेंडेलीव्हसुद्धा साशंक होता.

पंचवीसेक वर्षं हे असंच लटकलं. १८९५ ला ब्रिटिश केमिस्ट रॅम्झे आर्गॉन वायूच्या मागे होता, म्हणून क्लेव्हाइट नावाचं युरेनियमवालं खनिज ॲसिडमध्ये टाकून निघालेला वायू बघत होता, तर तीच पिवळी रेष! नमुना क्रुक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे पाठवला, त्याने मोजून हो म्हटलं. गंमत अशी की अमेरिकेत हिलेब्रँड नावाच्या केमिस्टने आधीच अशा खनिजातून हा वायू काढला होता आणि नायट्रोजन समजून सोडून दिला होता. युरेनियमच्याच खनिजात हेलियम का, याचं उत्तर पुढे रदरफोर्डकडून मिळालं: युरेनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रं, ती खडकात अडकून राहतात. आज एमआरआय मशीनच्या चुंबकाला जे द्रवरूप हेलियम गार ठेवतं ते असंच जमिनीखाली तयार झालेलं.

आता विजयदुर्ग. लॉकियर तिथे आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! एव्हाना तो सर नॉर्मन लॉकियर झाला होता, ब्रिटिश नौदलाच्या मेलपोमीन जहाजावरचे खलाशी मदतीला होते, आणि जानेवारीचं कोकण म्हणजे स्वच्छ आकाश. ओट्यांची गोष्ट या मुक्कामाशी जुळते. फक्त तोपर्यंत हेलियम रॅम्झेच्या नळीत येऊन तीन वर्षं झाली होती. दोन ग्रहणं, तीस वर्षांचं अंतर, आणि फॉरवर्डमध्ये त्यांची एकच खिचडी.

याच १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तळ ठोकून होता, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःची टीम घेऊन तिथेच होते. पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवणारा हा माणूस, त्यांनी ग्रहणाचा सविस्तर रिपोर्ट छापला. त्यांच्या नावाचा फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेला नाही.