आवश्यकतांमधील अंतर्विरोध (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअरकडून मागितलेल्या दोन किंवा अधिक गोष्टी एकाच वेळी पुऱ्या होऊ न शकणे. अशा जोड्या वेळेत हुडकणे, संबंधितांकडून निर्णय घेणे आणि तो नोंदवणे हा रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय हवे हे ठरवून नोंदवण्याच्या शाखेचा, भाग आहे. आवश्यकता कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या ‘आयट्रिपलई ८३०’ या मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीत अंतर्विरोधाचे तीन प्रकार दिले आहेत : एकाच वस्तूच्या वर्णनात तफावत, दोन क्रियांच्या तर्कात वा क्रमात विरोध, आणि एकाच वस्तूला दोन ठिकाणी वेगळी नावे.

सर्वांत फसवे अंतर्विरोध कागदावर दिसतच नाहीत. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बिनचूक असतात; तिसरी वस्तुस्थिती पुढे आली की ती एकमेकांना भिडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी आणि कन्नड सभासद एकाच पतसंस्थेच्या खिडकीवर येतात. शाखेचे म्हणणे, कर्जहप्त्याचा एसएमएस सभासदाच्या भाषेत आणि लिपीत जावा. हिशेब विभागाचे म्हणणे, खाते क्रमांक, हप्ता, बाकी आणि मुदत हे सगळे एकाच एसएमएसमध्ये बसावे, कारण दर संदेशागणिक पडतो. दोन्ही मागण्या रास्तच. पण साध्या रोमन मजकुराला १६० जागा मिळतात, तर युनिकोड (देवनागरी, कन्नड अशा लिप्यांसाठी लागणाऱ्या संकेतप्रणालीतल्या) मजकुराला फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात : ‘खात्यात’ हा शब्द दिसायला तीन अक्षरी, पण जागा सात घेतो. कन्नडचीही तीच गत. मजकूर सत्तरीपलीकडे गेला की ६७-६७ जागांचे तुकडे पडतात आणि खर्च किमान दुप्पट होतो.

इथे प्रोग्रामरने मराठी मजकूर परस्पर रोमन लिपीत टाकणे ही सर्वांत वाईट सोडवणूक. चाचणीत ती खपून जाते. रोमन न वाचणाऱ्या सभासदाला मात्र हप्त्याची तारीख कळत नाही. सीमाभागात लिपीचा प्रश्न तांत्रिक सोयीवर सोडता येत नाही. मजकूर आखडायचा, की दुसऱ्या संदेशाचा खर्च सोसायचा, हे संचालक मंडळाने ठरवायचे आणि त्यासाठी प्रश्न आधी त्यांच्यापुढे गेला पाहिजे.

प्रत्येक आवश्यकता दुसरीशी ताडून पाहणे लवकरच आवाक्याबाहेर जाते : १०० आवश्यकतांच्या ४,९५० जोड्या होतात. म्हणून एकाच माहितीला, पडद्याला किंवा खर्चाला हात घालणाऱ्या आवश्यकतांचे आधी गट पाडतात आणि गटातल्या गटात ताडतात. आवश्यकता तर्कशास्त्रीय भाषेत मांडल्या असतील तर मॉडेल चेकरसारखी (सगळ्या शक्य स्थिती आपोआप तपासणारी) साधने विरोध यंत्रवत दाखवतात. मात्र ७० जागांची मर्यादा कोणी लिहिलीच नसेल तर तीही गप्प राहतात. वाटाघाटीसाठी सॉफ्टवेअर अभियंता बॅरी बोह्म यांची ‘विन-विन’ (सर्व संबंधितांना मान्य तोडगा शोधण्याची) पद्धत आणि प्राधान्य लावण्यासाठी ‘मॉस्को’ (हवेच, असावे, असले तर बरे, आत्ता नको अशी) वर्गवारी प्रचलित आहे.

नोंदीत दोन्ही मूळ मागण्या, त्या करणारे, निर्णय, तारीख आणि नाकारलेला पर्याय ठेवतात. उद्या संस्था एसएमएस सोडून व्हॉट्सॲपवर गेली, तर ७० ची मर्यादा उरत नाही आणि आखडलेला मजकूर पुन्हा सविस्तर करता येतो. तो मुळात का आखडला होता, हे नव्या माणसाला या नोंदीतूनच कळते.