कोमट बिअर, माशाचं बोत आणि हेन्रीचा नियम

"इंग्लंडची बिअर कोमट आणि फ्लॅट असते" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडलंय. मागच्या उन्हाळ्यात डर्बीला भाच्याकडे गेले होते तर तोही तेच म्हणाला, "मावशी, इथली रिअल एल, म्हणजे पिंपातून हातपंपाने काढलेली बिअर, तू घेऊच नकोस, गोटी सोडा फोडून तासभर ठेवला ना की जसा लागतो तशी लागते." मी पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवलीय, त्यामुळे गॅस निघून गेला म्हटलं की किती गेला, किती उरला आणि का, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. संध्याकाळी त्याला घेऊन जवळच्या एका खेड्यातल्या पबमध्ये गेलेच.

पब म्हणजे जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. दगडी फरशी, बाकडी, टीव्ही नाही, आणि बारवर तीन उभे लाकडी दांडे. मालकीणबाई सत्तरीच्या, त्या भागात सगळ्यांनाच प्रेमाने "डक" म्हणतात तसं मलाही म्हणाल्या. हा दांडा ओढल्यावर खाली नेमकं काय होतं असं विचारलं तर सरळ तळघरातच घेऊन गेल्या.

तळघरात भिंतीवर थर्मामीटर, १२ अंश. खाली आडवी ठेवलेली पिंपं, एकेक ९ गॅलनचं, म्हणजे जवळपास ४१ लिटर, ७२ पाइंट. याला फर्किन म्हणतात. नेहमीच्या केगमधली, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली, बिअर कारखान्यातच गाळलेली आणि बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली असते, तिच्यातलं यीस्ट संपलेलं असतं आणि गॅस बाहेरून सिलिंडरने दाबून घालतात. इथे पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि थोडी साखरही शिल्लक असते, म्हणजे आंबण्याचं शेवटचं काम पिंपातच चालतं. १९६०-७० च्या काळात मोठ्या कंपन्यांनी केगच केग सुरू केलं तेव्हा १९७१ मध्ये चार तरुणांनी ही पद्धत टिकवायला चळवळ काढली, कॅम्पेन फॉर रिअल एल, लोक तिला नुसतं कॅमरा म्हणतात. "रिअल एल" हे नावही त्यांनीच रुळवलं.

आता गॅसचा हिशोब. ग्लुकोजचा एक रेणू आंबला की अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात, म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ८८ ग्रॅम गॅस. लिटरमागे ४ ग्रॅम, जेमतेम एक चमचा साखर उरली असेल तर जवळपास २ ग्रॅम गॅस होतो, आणि २ ग्रॅम म्हणजे साधारण १ लिटर. एका चमच्यात लिटरभर गॅस! पिंप बंद आहे तोवर तो बिअरमध्ये विरघळून राहतो आणि दाब वाढत जातो.

मालकीणबाईंनी मग पिंपाच्या वरच्या बुचात मोगरीने बांबूची एक छोटी खुंटी ठोकली. आपला बांबू! त्याच्या उभ्या नळ्यांतून गॅस झिरपतो म्हणून तो वापरतात. खुंटीच्या टोकावर पांढरा फेस आला, त्याच्यावर कान धरला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. फेस यायचा थांबला की ही खुंटी काढून टणक लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला गॅस आत कोंडून राहतो.

पण फेस थांबतो कधी? इथे मँचेस्टरचा विल्यम हेन्री येतो, त्याचा १८०३ चा नियम. द्रवात किती गॅस विरघळेल ते त्या गॅसच्या वरच्या दाबाच्या प्रमाणात असतं, आणि द्रव जितका गार तितका गॅस जास्त मावतो. बांबूतून वाट मिळाली की आतला दाब उतरत उतरत बाहेरच्या हवेइतका होतो, आणि त्या दाबाला १२ अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १.१ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. २० अंशाला जेमतेम ०.९, शून्याला १.७. केगमधल्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिकट थंडगार बिअरमध्ये, मात्र दाबाखाली अडीच लिटरच्या आसपास कोंबलेला असतो. म्हणजे भाच्याचा गोटी सोडा आणि ही एल यात मोठा फरक आहे. उघड्या ठेवलेल्या सोड्याच्या वर साधी हवा असते, तिच्यात हा गॅस नावापुरता, म्हणून सोडा रिकामा होत जातो. इथे बिअरच्या वर निव्वळ तोच गॅस आहे, त्यामुळे त्या तापमानाला त्या दाबाला जेवढा मावतो तेवढा तिच्यात काठोकाठ भरलेला आहे. हिला फ्लॅट म्हणणं मला अजिबात पटत नाही. आणि १२ अंश म्हणजे कोमट नव्हे, आपल्या माठातलं पाणीही उन्हाळ्यात इतकं गार होत नाही. बर्फासारख्या गारव्यात जीभ बोथट होते, वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं ते त्यामुळेच, आणि माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची चव, आणि हॉप्स या कडवट फुलांचा वास कळायचा तर बिअर फार गार नकोच.

मग यीस्ट आत असून ग्लासात बिअर स्वच्छ कशी, तर ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. मातीच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, तुरटीतलं धन भाराचं ॲल्युमिनियम ते ढकलणं मोडतं आणि गाळ बसतो. यीस्टच्या भिंतीवरही फॉस्फेटमुळे ऋण भार असतो. तो मोडायला एलमध्ये आयसिंग्लास घालतात, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतलं कोलॅजन. बिअरचा पीएच ४ च्या आसपास, तिथे या कोलॅजनवर धन भार असतो, त्याचे लांब तिपेडी धागे यीस्टच्या पेशींना ओढून गुंफतात आणि गोळे होतात. बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, घनता तीच राहिली तर व्यास दुप्पट की वेग चौपट, त्यामुळे एकट्या पेशीला जिथे कितीतरी दिवस लागतील तिथे गोळे दिवसभरात तळाला बसतात. तळघर तापलं तर तिपेडी वीण उसवून त्याचं जिलेटिन होतं आणि काम बिघडतं, म्हणजे १२ अंशाचं हेही एक कारण. ही पिशवी म्हणजे आपल्या मच्छीमारांचं "बोत", पालघरकडे घोळ माशाला लाखांत भाव येतो तो याच्यासाठीच. शाकाहारी लोकांनी मात्र विचारून घ्यावं, आता आयसिंग्लास न घातलेल्या, थोड्या गढूळ एलही मिळतात.

यीस्ट जिवंत आहे म्हणून ही बिअर पोटाला चांगली, नॅचरल, प्रोबायोटिक वगैरे जे फिरत असतं ते कृपया मानू नका. अल्कोहोलयुक्त पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलंय, आणि पिंपातलं अल्कोहोल केगमधल्यापेक्षा वेगळं नसतं. मी अर्धा पाइंट घेतला आणि थांबले.

वर बारवरचा दांडा म्हणजे साधा पिस्टनचा हातपंप, कुलपं आणि हायड्रॉलिक प्रेस करणाऱ्या जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं होतं. गॅसने ढकलायचं नाही, हाताने ओढायचं, आणि जेवढी बिअर वर येते तेवढी हवा पिंपात जाते. इथूनच घड्याळ सुरू होतं. हवेने वरचा गॅस पातळ होतो, हेन्रीच्या हिशोबाने बिअर गॅस सोडायला लागते, आणि ऑक्सिजन मिळाला की ॲसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करायला घेतात. म्हणून उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवायचं. भाच्याला पूर्वी कुठेतरी मिळाली होती ती बहुधा अशीच उरलेली असणार.

मालकीणबाईंनी तिसऱ्या पिंपातली चमचाभर मला वास घ्यायला दिली, चौथा दिवस होता. लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तसा अगदी पुसट आंबूस वास. त्यांनी वर येऊन त्या दांड्यावरची नावाची पाटी उलटी फिरवली, म्हणजे ही संपली, आणि भाच्याला शेजारच्या दांड्यावरचा पाइंट काढून दिला.